वजन कशाचं आणि शिक्षा कशाची? : एनडीपीएस कायद्याच्या कलम ३२-अ चा एक रिव्ह्यू



पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले बरेच जण विचारतात की क्रिटिकल रिव्ह्यू म्हणजे नेमकं लिहायचं काय? सिनॉप्सिसमध्ये आपण बहुतेक वेळा सारांशच लिहितो. अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, की झाला रिव्ह्यू. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. समोरच्या दाव्याचे भाग सुटे करायचे, प्रत्येक भाग कशावर उभा आहे ते बघायचं आणि जिथे आधार नाही तिथे बोट ठेवायचं.

आज सरावासाठी मी पेपर घेतलेला नाही, एक कायदा घेतलाय. माझा विषय रसायनशास्त्र, वकिली नव्हे. पण हा कायदा ग्रॅम आणि किलोवर चालतो, म्हणून आपल्याला त्यात बोलायला जागा आहे. प्रश्न असा : अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दहा-वीस वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मुदतीआधी सोडावं का? आपला कायदा म्हणतो, नाही. हे 'नाही' कशावर उभं आहे ते तपासू.

आधी कायदा समजून घेऊ

पूर्ण नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे एनडीपीएस म्हणतात, आपणही तेच म्हणू.

२००१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात प्रमाणाचे तीन टप्पे आहेत : अल्प, व्यापारी आणि या दोन्हींच्या मधलं. हेरॉइनसाठी अल्प म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत, व्यापारी म्हणजे २५० ग्रॅमच्या पुढे. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, शिवाय किमान एक लाखाचा दंड. 'किमान' हा शब्द नीट लक्षात ठेवा. आरोपी टोळीचा म्होरक्या आहे की हजार रुपयांसाठी पिशवी पोचवणारा पोरगा, न्यायाधीश दहाच्या खाली येऊच शकत नाहीत.

आता कलम ३२-अ. हे १९८९ मध्ये कायद्यात आलं. या कायद्याखाली दिलेली शिक्षा (सेवनाचं कलम २७ सोडून) स्थगित करता येणार नाही, कमी करता येणार नाही, बदलता येणार नाही, असं ते सांगतं. साध्या भाषेत, तुरुंगात चांगलं वागलात, काम केलंत, शिकलात तर बाकी कैद्यांना जी माफी मिळते ती तुम्हाला नाही. महाराष्ट्रात अशी माफी १९६२ च्या नियमांप्रमाणे मोजली जाते. खुनात जन्मठेप झालेल्या कैद्याचाही मुदतपूर्व सुटकेसाठी विचार होऊ शकतो. एनडीपीएसच्या कैद्यासाठी ते दार कायद्यानेच लावून घेतलंय.

या कलमाला आव्हान दिलं गेलं ते महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. 'दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये तीन गोष्टी सांगितल्या. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेणं घटनाबाह्य आहे. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा ही शिक्षेची स्थगिती नव्हे, त्यामुळे ३२-अ तिच्या आड येत नाही. पण सरकारने माफी देण्यावरची बंदी मात्र वैध आहे, कारण अमली पदार्थांचे गुन्हेगार हा वेगळा वर्ग मानायला कायदेमंडळाकडे वाजवी कारण आहे. राष्ट्रपती आणि राज्यपालांचे घटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ खालचे अधिकार शाबूत आहेत, पण ती रोजची वाट नाही. तिथपर्यंत पोचणारे फार थोडे.

दावा सुटा करू

३२-अ च्या मागचा दावा एका वाक्यात असा : ज्याच्याकडे व्यापारी प्रमाणात माल सापडला तो मोठा तस्कर आहे, त्याला पूर्ण मुदत आत ठेवलं तर समाज सुरक्षित राहतो, आणि मधल्या काळात तो कसा वागला याने काही फरक पडत नाही.

यात चार गृहीतकं लपलेली आहेत :

१. मालाचं वजन हे गुन्ह्याच्या गांभीर्याचं योग्य माप आहे.
२. ते वजन नीट मोजलं जातं.
३. शिक्षा जितकी लांब तितका धाक जास्त.
४. लवकर सुटलेला पुन्हा तोच गुन्हा करण्याची शक्यता जास्त.

पहिली दोन मोजमापाची आहेत, उरलेली दोन कार्यकारणाची. रिव्ह्यू करताना ही विभागणी आधी करा. बऱ्याचदा लोक कार्यकारणावर तासभर वाद घालतात आणि मोजमाप मुळातच चुकलेलं असतं.

गृहीतक १ : वजन म्हणजे गांभीर्य?

रस्त्यावर विकलं जाणारं हेरॉइन शुद्ध नसतं. त्यात साखर, पॅरासिटामॉल, कॅफिन, काहीही मिसळलेलं असतं. मग वजन कशाचं धरायचं, पूर्ण पुडीचं की त्यातल्या शुद्ध हेरॉइनचं?

२००८ मध्ये 'ई. मायकेल राज' प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध घटकाचं. त्या खटल्यात पकडलेला माल होता सुमारे ४.०७ किलो. नमुन्यांची शुद्धता निघाली १.४ आणि १.६ टक्के. गुणाकार करा, हेरॉइन भरतं साधारण ६० ग्रॅम. म्हणजे मधलं प्रमाण. दहा वर्षांची शिक्षा सहावर आली.

१८ नोव्हेंबर २००९ ला केंद्र सरकारने अधिसूचनेत टीप जोडली की वजन पूर्ण मिश्रणाचं धरायचं. आणि २२ एप्रिल २०२० ला 'हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार' या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती टीप वैध ठरवली, २००८ चा निकाल चुकीचा ठरवला. आज तोच ४.०७ किलोचा माल पकडला गेला तर तो व्यापारी मर्यादेच्या सोळापट आहे. किमान दहा वर्षं, माफी शून्य. पदार्थ तोच आणि माणूसही तोच. बदलली ती फक्त मोजायची व्याख्या.

टीका करण्याआधी समोरच्याची बाजू तिच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडायची, हा नियम कधी मोडू नका. तर 'हिरा सिंग'ची बाजू अशी : अमली पदार्थ शुद्ध स्वरूपात विकले जातच नाहीत, गिऱ्हाइकाच्या हातात मिश्रणच पडतं. शुद्ध घटकच मोजला तर भेसळ करणारा विक्रेता शिक्षेतून सहज निसटेल. भेसळीने माल वाढतो, जास्त लोकांपर्यंत पोचतो, आणि भेसळ स्वतःच घातक असू शकते. शिवाय कायद्याच्या तक्त्यात मिश्रणाची वेगळी नोंद आहेच. हे मुद्दे फालतू नाहीत. बाजाराचं वर्णन म्हणून ते बऱ्यापैकी बरोबर आहेत.

अडचण वर्णनात नाही, क्रम लावण्यात आहे. दोन माणसं घ्या. 'क' कडे २४० ग्रॅम पावडर सापडली, शुद्धता ८० टक्के. म्हणजे १९२ ग्रॅम हेरॉइन. 'ख' कडे २६० ग्रॅम सापडली, शुद्धता ५ टक्के. म्हणजे १३ ग्रॅम. पूर्ण मिश्रणाच्या नियमाने 'क' मधल्या प्रमाणात बसतो. त्याला कितीही कमी शिक्षा होऊ शकते, कमाल दहा. 'ख' व्यापारी प्रमाणात जातो, किमान दहा. ज्याच्याकडे जवळजवळ पंधरापट जास्त हेरॉइन आहे त्याची कमाल ही दुसऱ्याची किमान झाली! साखळीत वरच्या माणसाकडे माल शुद्ध असतो, खाली येता येता तो पातळ होतो. म्हणजे हे माप नेमकं खालच्या माणसावर जड पडतं. आपल्या भाषेत, या मापाला विश्वासार्हता असेल, वैधता नाही. काटा प्रत्येक वेळी तोच आकडा देतो, पण जे मोजायचं होतं ते मोजत नाही.

हा घोळ फक्त आपलाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये 'चॅपमन' खटल्यात एलएसडी ज्या कागदावर टिपलेलं असतं त्या कागदाचंही वजन धरलं. एलएसडी होतं सुमारे ५० मिलिग्रॅम, कागदासकट झालं ५.७ ग्रॅम. सराव म्हणून हे आकडे आपल्या तक्त्याला लावून बघा. आपल्याकडे एलएसडीची व्यापारी मर्यादा ०.१ ग्रॅम आहे. शुद्ध धरलं तर मर्यादेच्या निम्मं, कागदासकट धरलं तर ५७ पट. तिकडे १९९३ मध्ये शिक्षा आयोगाने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत दुरुस्ती केली आणि कागदाचं वजन सोडून प्रति डोस ०.४ मिलिग्रॅम धरायला सुरुवात केली. माप चुकतंय हे कळल्यावर माप बदलता येतं, एवढंच त्यातून घ्या.

गृहीतक २ : नीट मोजलं जातं?

आता आपल्या भागाकडे या. मराठवाड्यात हेरॉइनपेक्षा गांजाच्या बातम्या जास्त. तुरीत किंवा कपाशीत लावलेली झाडं, पोलिसांनी उपटून आणलेले ढीग, शेजारी काटा, आणि बातमीत 'इतके किलो गांजा जप्त'.

कायद्यात गांजाची व्याख्या काय आहे? गांजाच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती व्याख्येतून वगळलेली आहेत. खोड आणि मुळं तर व्याख्येत नाहीतच. पण पंचनाम्यात वजन बऱ्याचदा अख्ख्या झाडाचं लिहिलेलं असतं, माती चिकटलेल्या मुळासकट. शिवाय झाड ओलं. आपण शेतकऱ्यांची पोरं आहोत, हिरव्या मेथीची पेंढी वाळली की किती उरते हे वेगळं सांगायला नको. उपटताना २५ किलो भरलेला ढीग वाळवून, खोड-मुळं काढून, फक्त शेंडे ठेवून मोजला तर २० च्या खूप खाली येऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या काही आदेशांत नेमका हाच मुद्दा धरलाय : शेंडे वेगळे न करता सगळं एकत्र मोजलं असेल तर व्यापारी प्रमाण आहे असं म्हणता येईल का?

इथे एक बारकावा आहे. नुसत्या लागवडीचा गुन्हा लावला तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, त्याला किमान नाही. तोच ढीग 'गांजा बाळगला' या सदरात गेला आणि वजन २० किलोच्या वर लिहिलं गेलं तर किमान दहा वर्षं. म्हणजे एखाद्या सालगड्याच्या आयुष्यातली दहा वर्षं बांधावर लावलेल्या काट्यावर आणि दोषारोपपत्रातल्या एका ओळीवर ठरू शकतात. शेत मालकाचं, राबणारा हा, आणि पोलीस आले तेव्हा शेतात सापडलेलाही हाच.

प्रयोगशाळेचंही बघा. आपण लॅबमध्ये एखादा आकडा देतो तेव्हा त्यासोबत त्रुटीची मर्यादा देतो. नमुना कसा घेतला, किती घेतला, सगळ्या ढिगाचं प्रतिनिधित्व करतो का, हे लिहितो. नमुना घेण्याचे नियम इथेही आहेत. १९८९ च्या स्थायी आदेशात गांजा, चरस, अफूसाठी २४ ग्रॅम आणि बाकी पदार्थांसाठी ५ ग्रॅम असा नमुना सांगितला होता, २०२२ मध्ये नवे नियम आले. कलम ५२-अ प्रमाणे नमुना दंडाधिकाऱ्यासमोर घ्यायचा असतो. पण हे सगळं हा पदार्थ गांजा आहे का, या प्रश्नाचं उत्तर देतं. किती आहे, याचं उत्तर शेवटी काट्याचंच. आणि त्या आकड्याला अधिक-उणे कुठेच नसतं. २०.१ किलो आणि १९.९ किलो यांत आपण लॅबमध्ये फरक मानणार नाही. कायदा मात्र तिथे कडा उभा करतो.

मग या चुका दुरुस्त कुठे व्हायच्या? खटल्यात, अपिलात. पण गरीब आरोपीचा वकील बदलत राहतो, अपील वर्षानुवर्षं पडून राहतं. व्यापारी प्रमाणात जामीनही कलम ३७ मुळे अवघड. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, असं न्यायालयाला जामिनाच्या टप्प्यावरच वाटावं लागतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'मोहम्मद मुस्लिम' प्रकरणात गांजाच्या आरोपीला जामीन दिला, तोवर तो सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी होता. मोजमापातली चूक नंतर दुरुस्त करण्याची जी एक शेवटची जागा असते, म्हणजे शिक्षेचा पुन्हा आढावा, ती ३२-अ ने बंद केलेली आहे. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. माप ढोबळ असेल तर दुरुस्तीची सोय जास्त हवी. इथे माप ढोबळ आणि दुरुस्तीची सोय शून्य.

कायद्याने स्वतःच कबूल केलं, पण कोणासाठी?

२००१ च्या आधी परिस्थिती आणखी कडक होती. स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेला अल्प माल सोडला तर हेरॉइनसारख्या पदार्थाच्या थोड्याशा पुडीलाही किमान दहा वर्षं. ही शिक्षा अप्रमाण आहे हे संसदेलाच पटलं, म्हणून २ ऑक्टोबर २००१ पासून तीन टप्पे आले. चालू खटल्यांनाही नवा, सौम्य नियम लागू झाला. पण ज्यांची शिक्षा होऊन अपील चालू होतं त्यांना मात्र वगळलं. २००४ च्या 'बशीर विरुद्ध केरळ राज्य' निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे वगळणंही वैध मानलं.

एकाच दिवशी, एवढ्याच ग्रॅमसाठी पकडलेले दोघे घ्या. एकाचा खटला रखडला म्हणून त्याला नवा नियम मिळाला. दुसऱ्याचा वेळेत संपला म्हणून जुनी दहा वर्षं. आणि ३२-अ असल्यामुळे सरकारला वाटलं तरी नेहमीच्या मार्गाने त्याची शिक्षा कमी करता येत नव्हती.

अमेरिकेत असंच घडलं. तिथे क्रॅक आणि पावडर कोकेनसाठी वजनाचं गुणोत्तर १०० ला १ होतं. २०१० मध्ये ते १८ ला १ केलं, पण फक्त पुढच्यांसाठी. आधीच आत असलेल्यांना त्याचा फायदा मिळायला डिसेंबर २०१८ चा फर्स्ट स्टेप कायदा यावा लागला. आठ वर्षं उशीर झाला, पण मागे वळून बघितलं गेलं. आपल्याकडे ते झालं नाही.

२०२० : विषाणूलाही कलम लागतं का?

कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली, तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात लागण पसरली. राज्याने सुमारे १७,००० कैदी तात्पुरते सोडण्याचं जाहीर केलं. ८ मे ला पॅरोलच्या नियमांत आणीबाणीचा पॅरोल आला. पण मकोका, यूएपीए, पीएमएलए यांच्यासोबत एनडीपीएसचे कैदी त्यातून सरसकट वगळले. या वर्गवारीला आव्हान दिलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ती कायम ठेवली, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला.

समितीपुढे अडचण खरी होती : घाईत, कमी माहितीवर, हजारो माणसांचा निर्णय. अशा वेळी आपण सगळेच एखादा सोपा निकष पकडतो. पण निकष हा प्रश्नाशी जोडलेला लागतो. प्रश्न होता संसर्गाचा आणि बाहेर आल्यावरच्या धोक्याचा. उत्तर दिलं कलमाच्या नावाने. साठीचा दमेकरी, ज्याच्याकडे किलोभर गांजा सापडला, तो आणि टोळी चालवणारा एकाच खान्यात. पुढे स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त २०२२-२३ मध्ये तीन टप्प्यांत विशेष माफी जाहीर झाली, तिच्या केंद्रीय सूचनांतही एनडीपीएसचे कैदी वगळलेले होते. एकदा केलेली वर्गवारी पुढे कोणी तपासत नाही, नुसती कॉपी होते. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये आपण जशी दुसऱ्याची उद्धृतं मूळ पेपर न उघडता उचलतो, तसंच.

गृहीतक ३ आणि ४ : पुरावा काय सांगतो?

धाकाबद्दल आधी. १७६४ मध्ये बेकारियाने लिहिलं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त रोखते. दोन शतकांनंतर आकडेवारी त्याच दिशेने गेली. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २०१४ चा मोठा अहवाल सांगतो की आधीच लांब असलेली शिक्षा आणखी लांबवून मिळणारा जादा धाक फार तर माफक असतो. पकडले जाण्याची शक्यता वाढली तर फरक पडतो, दहाचे बारा केल्याने फारसा नाही.

आता लवकर सुटलेल्यांचं. २००७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षा आयोगाने क्रॅक कोकेनच्या शिक्षा खाली आणल्या आणि आत असलेल्यांनाही लाभ दिला. मग आयोगाने दोन गट पाच वर्षं पाहिले : लवकर सुटलेले, आणि बदलाआधी पूर्ण मुदत भोगून सुटलेले. पहिल्या गटातले ४३.३ टक्के पुन्हा यंत्रणेच्या हाती लागले, दुसऱ्यातले ४७.८ टक्के. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

इथे नव्या संशोधकाची कसोटी असते. मोह होतो लिहायचा की लवकर सोडल्याने गुन्हे कमी होतात. चूक. ४३.३ हा आकडा ४७.८ पेक्षा लहान दिसतो, पण फरक लक्षणीय नाही. एवढंच म्हणता येतं की लवकर सोडल्यामुळे गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. आणखी काळजी घ्यायची ती अशी :

— दोन्ही गट वेगवेगळ्या काळात सुटले. बाहेरची परिस्थिती सारखी असेलच असं नाही.
— कोणाची शिक्षा कमी करायची हे न्यायाधीश ठरवत होते. धोकादायक वाटलेले गाळले गेले असतील.
— 'पुन्हा गुन्हा' यात नवी अटकही आली आणि देखरेखीच्या अटी मोडणंही आलं. व्याख्या रुंद आहे.
— अमेरिकेत सुटल्यावर देखरेख अधिकारी असतो. जालन्यात सुटलेला माणूस एसटीने गावी जातो, बस.

दुसऱ्या मुद्द्याकडे पुन्हा बघा, कारण त्यातच आपल्याला हवं ते आहे. तिथे सरसकट सोडलं नाही, एकेक प्रकरण बघून सोडलं. म्हणजे हा अभ्यास सगळ्यांना सोडा या मताला आधार देत नाही. तो एकेकाला तपासून सोडता येतं आणि आभाळ कोसळत नाही, या मताला देतो. ३२-अ नेमकं हेच एकेकाला तपासणं बंद करतं.

विरोधी बाजूला काय उत्तर?

कोणी म्हणेल, मेफेड्रोनमुळे पोरं वाया चालली आहेत आणि तुला तस्करांची दया येते? या रागामागे घरं आहेत, तो खोटा नाही. ज्या आईचा मुलगा या नादाला लागला तिच्यासमोर बसून टक्केवारी सांगण्यात अर्थ नाही. पण तिचा प्रश्न पुरवठा थांबण्याचा आहे. पातळ केलेली पुडी विकणारा दहा वर्षं आत राहिला तर त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा राहतो, कारण वर माल देणारा तसाच आहे. आणि त्या आईचा मुलगा स्वतःचं व्यसन भागवायला विकू लागला, तर उद्या याच कलमाखाली तोच असू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माफीचा अधिकार सरकारच्या हाती दिला की पैसा आणि ओळख असलेला आधी सुटेल. हे खरं आहे. म्हणून मी नुसतं ३२-अ काढा असं म्हणत नाही. आढावा न्यायालयाने घ्यावा, ठरावीक वर्षांनंतर प्रत्येकाचा आपोआप घ्यावा, अर्ज करणाऱ्याचाच नव्हे. आणि कारणं लेखी द्यावीत. कायदा शिथिल करायची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. याच कायद्यातली सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीत फाशीला पर्याय आला. फाशीत न्यायाधीशाला निवड असावी हे मान्य झालं. मग वीस वर्षांच्या शिक्षेत कधीच कोणाला निवड नसावी, हे कसं पटायचं?

तुमच्यासाठी काम

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची तुरुंग सांख्यिकी दरवर्षी येते. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. एनडीपीएसचे किती, हेही त्यात मिळतं. पण त्यातले अल्प प्रमाणाचे किती, व्यापारी किती, शुद्धता किती, शेतमजूर किती, ही वर्गवारी मिळत नाही. ज्या चलावर दहा वर्षं ठरतात ते चलच सारणीत नाही! कायदा, समाजशास्त्र, संख्याशास्त्र किंवा माझ्यासारखे रसायनशास्त्राचे विद्यार्थी असाल तर इथे सरळ सरळ सिनॉप्सिस पडलेला आहे :

— एका जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातले गांजाचे निकाल घ्या, ते ई-कोर्ट्सवर मिळतात. वजन कशाचं लिहिलंय, शेंड्यांचं की झाडाचं, ते नोंदवा.
— २० किलोच्या आसपास वजनांचा ढीग दिसतो का ते बघा. १९ आणि २१ सारखेच असायला हवेत. २१ फार जास्त निघाले तर प्रश्न विचारायला जागा आहे.
— दंड न भरल्यामुळे जादा काळ आत राहिलेले किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. किमान लाखाचा दंड गरिबाला वेगळी शिक्षाच असते.

कैद्यांशी बोलायचं असेल तर तुरुंग प्रशासनाची आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आत असलेल्या माणसाची संमती किती मुक्त असते हा प्रश्न स्वतःला विचारा. आणि तुमच्या अभ्यासामुळे तो सुटेल अशी आशा त्याला चुकूनही लावू नका.

राहता राहिला निष्कर्ष. चार गृहीतकांपैकी पहिलं चुकीचं क्रम लावतं. दुसरं काट्यापाशी अडखळतं. तिसऱ्याला पुरावा जेमतेम आहे. चौथ्याचा पुरावा जिथे शोधला तिथे मिळाला नाही. असा पेपर माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता तर 'मोठ्या दुरुस्त्या आवश्यक' असा शेरा मारून परत पाठवला असता. पेपर परत जातो, लेखक दुरुस्त करतो, सहा महिन्यांनी पुन्हा येतो. इथे मात्र दुरुस्ती होईपर्यंत माणसं हर्सूलला, नागपूरला, येरवड्याला बराकीत दिवस मोजत असतात, आणि चांगलं वागल्याबद्दल त्यातला एकही दिवस कमी होत नाही.

पुढच्या लेखात संभाव्य चल आणि गोंधळ करणारे चल यांवर बोलू. तोवर वर दिलेल्या चार काळजीच्या मुद्द्यांत पाचवा कोणता घालता येईल, ते स्वतः लिहून काढा.